भुसावळात घर-तपासनीस कसे व्हावे

भुसावळात घरे तपासून देण्याचा धंदा काढायचा असेल, तर पहिला नियम ध्यानात ठेवावा: गिऱ्हाईक विसार देऊन झाल्यावरच येते. वास्तुतज्ज्ञाने ईशान्य कोपरा मंजूर केलेला असतो, गृहप्रवेशाचा मुहूर्त निघालेला असतो आणि आपल्याला बोलावलेले असते ते ‘सगळे ठीक आहे’ एवढेच ऐकायला. तेव्हा ओळंबा आणि टेप घरी विसरले तरी चालेल, चेहरा मात्र गंभीर हवा. भिंतीला तिरकी भेग दिसली, तर ‘मालगाड्यांची धडधड’ असे निदान करावे. जंक्शनच्या गावात रेल्वेसारखा सोयीचा आरोपी नाही. ती बाजू मांडायला येत नाही.

स्टेशनापासून लांबच्या कॉलन्यांतही त्याच भेगा का, असे कुणी चिकित्सक विचारेल. आक्षेप खरा आहे, म्हणूनच धंद्याला घातक आहे. तापीखोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असला की घर तिच्याबरोबर वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भेग तिरकी चढते. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी रुंद होणाऱ्या पाइलचा पाया विकसित केला. पण पाया जमिनीत गाडला जातो आणि हॉलमधले पीओपी पाहुण्यांना दिसते. पैसा कुठे घालावा, हे बिल्डरला शिकवावे लागत नाही. आपण तपासणी दिवाळीच्या सुमारास ठेवावी. तेव्हा माती ओल धरून असते, भेगा मिटलेल्या असतात आणि रंग ताजा असतो.

दुसरा आक्षेप कायद्याचा. रेराच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. घाबरू नये. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणीच लागत नाही. नोंदणी असली, तरी दोष आधी कुणीतरी दाखवून द्यावा लागतो. म्हणून आपला अहवाल नेहमी तोंडी असावा.

एवढे पाळले तर धंदा बुडत नाही. त्याला धोका एकाच गिऱ्हाइकाचा: जो विसार देण्याआधी, मे महिन्यात, भर दुपारी येतो आणि भिंतींचा रंग बघण्याआधी पायाचा नकाशा मागतो. वाचकांनी कृपया असे गिऱ्हाईक होऊ नये.