राजवाड्यातला माल

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या जुन्या वाड्यांत हा माणूस हमखास सापडतो. आपण त्याला नाना म्हणू. बँकेतून निवृत्त, डोळ्याला घड्याळजीचं भिंग आणि छंद फ्रेंच लघुचित्रांचा. म्हणजे हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंगात काढलेली, तळहातावर मावणारी माणसांची तोंडं. पॅरिसचे श्रीमंत लोक ती लॉकेटात नाहीतर डबीच्या झाकणावर बसवून घेत. १८३९ साली दागेरनं फोटो काढायची युक्ती जाहीर केली आणि या चित्रकारांचा धंदा बसत गेला. दागेरचं नाव काढलं तर नाना अजून चिडतात.

संग्रह असतो मारी बिस्किटांच्या डब्यात, काकूंच्या वातींच्या कापसात गुंडाळलेला. उंच केशरचनेची बाई निघाली की ती मारी आंत्वानेत. १७९३ मध्ये जिचं एकुलतं एक डोकं उडवलं, ती राणी नानांकडे पाच डोक्यांनी नांदते आहे, आणि पाचही नाकं वेगळी. "दुःखानं बदलतं हो नाक," नाना समजावतात.

खरी गंमत उगमाची. सयाजीराव महाराजांनी युरोपच्या वाऱ्या केल्या, तिकडची चित्रं आणवली, कमाटीबागेतली पिक्चर गॅलरी १९२१ मध्ये उघडली, हे सगळं खरं. पण ती खरेदी स्पीलमन नावाच्या इंग्रज समीक्षकानं पारखून केली होती, एवढं नाना सोयीनं विसरतात. भंगारवाला नुसता "साहेब, राजमहेलनो माल छे" म्हणाला की यांचा हात खिशात गेलाच. आजवर बडोद्यात 'राजवाड्यातून आलेलं' जेवढं सामान विकलं गेलंय तेवढं खरोखर बाहेर पडलं असतं, तर लक्ष्मी विलासात बसायला पाटही उरला नसता.

सही बहुतेक ठिकाणी एकच, ईझाबे. नेपोलियनच्या दरबारातला हा चित्रकार ८८ वर्षं जगला खरा, पण नानांचा एकट्याचा डबा भरायलाही त्याला ती कमी पडली असती. फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या पुतणीनं एकदा भिंग लावलं. म्हणाली, "काका, ठिपके एका रांगेत आहेत. हातानं काढलेले ठिपके असे ओळीत उभे राहत नाहीत. ही छपाई आहे."

"बघ ने!" नाना खूश. "ईझाबे शिस्तीचा होता, मी सांगतच होतो."

चौकट जुन्या पियानोच्या पट्ट्या जोडून केली आहे, हेही तिनं दाखवलं. बनावट माल जुना दिसावा म्हणून केलेली ही नेहमीची कारागिरी. नानांनी त्यावरून फ्रेंचांचं संगीतप्रेम सिद्ध केलं.

काकू व्यवहारी. "एखादं विकून गीझर तरी घ्या," असं त्या म्हणाल्या, तेव्हा नानांनी कायदा काढला. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे, विकणं गुन्हा!

"मग प्लॅस्टिक म्हणून विका," काकू म्हणाल्या. "आहेच ते."

डब्याच्या तळाशी तपकिरी कोटातला एक सामान्य गृहस्थ आहे. गालावर बारीक, आडव्यातिडव्या कुंचल्याच्या रेषा, कडेला दंत जरासा वाकलेला. सही नाही, राजवाडा नाही, म्हणून नाना तो कोणाला दाखवत नाहीत. तुम्ही गेलात तर चहाला नाही म्हणू नका, पाचही राण्यांना नमस्कार करा आणि तो कोटवाला मुद्दाम मागून घ्या. पुतणीच्या मते अख्ख्या डब्यात तेवढाच अस्सल आहे.