गच्चीवरचा ओटीपी

ऐन जुलैत कोकणात पाण्याचे पंप विकायला निघालेला माणूस एक तर थोर आशावादी असतो, नाही तर त्याचं साहेबाशी बिनसलेलं असतं. प्रस्तुत लेखक दुसऱ्या गटातला. कोल्हापूरहून येताना आंबोलीचा धबधबा दिसला, म्हणजे एसटीच्या काचेवरून जे ओघळत होतं त्यात तोही असावा. सावंतवाडीत मोती तलाव आहे, लाकडी खेळणी आहेत, राजवाड्यात गंजिफा रंगवतात. प्रेक्षणीय स्थळं संपली.

आता लॉज.

कुडाळच्या एका दुकानदाराला रात्री नऊच्या आत कोटेशन हवं होतं. दर कंपनीच्या सर्व्हरवर, आणि सर्व्हरवर जायचं ते व्हीपीएनच्या बोगद्यातूनच. आयटीवाल्यांनी लॅपटॉपला अशी शिस्त लावली होती, की बोगदा जोडल्याशिवाय तो इंटरनेटवरचं एक पान उघडायचा नाही. लॉजच्या वायफायचा हट्ट असा, की आधी माझं पान उघडा, त्यात मोबाइल नंबर टाका, ओटीपी भरा, मग इंटरनेट. बोगदा नाही तर पान नाही, पान नाही तर बोगदा नाही. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, पण त्यात शिरता तरी येतं.

ओटीपी ही काही लॉजवाल्याची हौस नव्हे. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधीची धमकीची ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेली होती. पुढच्या वर्षी दूरसंचार खात्याने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचा दंडक घातला. आयटीवाल्यांची धास्तीही खोटी नाही. २०१४ मध्ये कॅस्परस्कीने ‘डार्कहोटेल’ नावाची टोळी उघडकीस आणली. ती आशियातल्या बड्या हॉटेलांच्या वायफायवर दबा धरून बसायची आणि कामासाठी आलेल्या मोठ्या साहेबांच्या लॅपटॉपवर नेहमीच्या सॉफ्टवेअरचं अपडेट म्हणून हेरगिरीचं सॉफ्टवेअर उतरवायची. ती या लॉजवर आली असती तर ढेकणांनीच तिला परत पाठवलं असतं, हा भाग वेगळा.

काउंटरवरचे काका म्हणाले, “रेंज व्हयी तर गच्चीर जावा.” लेखकाने गच्चीवरून आयटीला फोन लावला. मोठ्या मनाने काही मिनिटांची सूट मिळाली. पण वायफाय फक्त काउंटरपाशी आणि रेंज फक्त गच्चीवर. लेखकाचं वजन आणि जिन्याची रुंदी पाहून काकांनी लॉजवरच्या पोराला मोबाइल देऊन वर धाडलं.

“इलो! साहेब, इलो!” वरून आरोळी आली. पाठोपाठ सहा आकडे जिन्यातून गडगडत खाली. पावसात ते नीट ऐकू येईनात, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या एका सज्जन पाहुण्यांनी खणखणीत आवाजात पुन्हा सांगितले. लॉजचं पान एकदाचं उघडलं. मग व्हीपीएनचा ओटीपी. तोही एसएमएसने, तोही जिन्यातून. कंपनीने कूटबद्ध करून जपलेलं गुपित आता स्वयंपाकघरातल्या बाईंनाही पाठ होतं. लेखकाने ते टाइप करेपर्यंत त्याची मुदत संपली होती.

शेवटी लॅपटॉपच गच्चीवर नेला आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. काका छत्री घेऊन आले आणि ती लेखकावर न धरता लॅपटॉपवर धरली. दोघं भिजत उभे. पट्टी हळूहळू सरकत होती. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “माझो झील पण असोच फिरता, औषधां घेवन. आज खंय आसा, देव जाणे.” लेखकाला काय बोलावं कळेना. त्याने छत्रीची मूठ आपल्या हातात घेतली आणि ती थोडी काकांकडे झुकवली.

कोटेशन नऊच्या आत गेलं. दुकानदाराने “दिवाळीनंतर बघू” असं कळवलं.

आयटीवाल्यांना विनंती एवढीच. फिरतीवरच्या माणसाला दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आणि पुरेसा डेटा द्या, म्हणजे त्याला लॉजच्या वायफायचं तोंड पाहावं लागणार नाही. आणि तो एसएमएसचा ओटीपी बंद करा. ऑथेंटिकेटर अॅपमधला आकडा मोबाइलमध्ये साठवलेल्या गुप्त किल्लीवरून आणि घड्याळावरून तयार होतो, साधारण दर तीस सेकंदांनी बदलतो, आणि त्याला रेंज लागत नाही. ही पद्धत २०११ पासून सगळ्यांना खुली आहे. पुढच्या पावसाळ्याआधी बसवून टाका.