सुखना तळ्यावरून तोकियोस खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक (नवी घड्याळं आणि जुन्या आठवणी विभाग),
सिको वॉच कॉर्पोरेशन, गिंझा, तोकियो.

विषय : एसकेएक्स ००७ या सेवानिवृत्त घड्याळास पुन्हा सेवेत घेणेबाबत.
संदर्भ : माझं डावं मनगट.

महोदय,
स. न. वि. वि.

आधी माझी पात्रता सांगतो. सरकारी खात्यात जन्म गेला, त्यामुळे दाखल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही हे अंगवळणी पडलंय. जन्म मालवणचा, नोकरी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातली, गेली एकतीस वर्षं मुक्काम चंदीगड. छंद एकच, दुसऱ्याच्या बिलांवर आक्षेप काढणे. निवृत्तीनंतर बिलं यायची थांबली, म्हणून आता आक्षेप तुमच्यावर काढायला घेतलाय. राग मानू नये.

चंदीगडला समुद्र नाही. तो हजारेक किलोमीटरवर आहे आणि जवळ येण्याची त्याची लक्षणं दिसत नाहीत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंच. म्हणजे माझ्या अंगणात सरळ खाली खणत गेलो आणि खड्डा पाण्याने भरला, तरी समुद्राच्या पातळीला पोचायच्या आतच तुमच्या २०० मीटरवाल्या घड्याळाची हमी संपते. पाणी म्हणून जे काही आहे ते सुखना तळं. तेही निसर्गाने दिलेलं नाही. शिवालिकच्या टेकड्यांतून पावसाळ्यात वाहणाऱ्या सुखना चो नावाच्या ओढ्याला १९५८ साली बांध घालून केलेलं. त्यात गाळ इतका साचायचा, की वर्षानुवर्षं नागरिक घमेली-फावडी घेऊन श्रमदानाला जात. ज्या तळ्यात लोक फावडं घेऊन उतरतात, त्याच्या काठावर मी पाणबुड्यांचं घड्याळ घालून रोज सकाळी फेऱ्या मारतो. हा विनोद माझ्या लक्षात आलेला नाही असं समजू नका.

खरी गंमत पुढेच आहे. आमच्या मालवणात खरोखर बुडी मारणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली. खडकांवरचे शिनाणे काढायला ती पाण्यात शिरत. कमरेला पिशवी, हातात लोखंडाचा तुकडा, मनगट मोकळं. वेळ बघायची तर सुकती किती लागली ते बघायचं आणि दम किती उरलाय ते छातीला विचारायचं. आता तारकर्लीला पर्यटकांना नळकांडी बांधून खाली नेतात, तेही हौशी पाणबुड्यांच्या ४० मीटरच्या मर्यादेच्या खूपच अलीकडे. तेव्हा २०० मीटर हा आकडा ना मालवणच्या पाणबुड्याला लागला, ना मला. तरीही तो मला हवा आहे. का, ते पुढे येईल.

हे घड्याळ माझ्याकडे आलं दुबईच्या भाच्याकडून. काळी तबकडी, तीनच्या जागी वार आणि तारीख, किल्ली चारच्या जागी सरकवलेली, मनगटाला टोचू नये म्हणून. भोवती एकाच दिशेने फिरणारी कडी, पूर्ण फेरीला १२० टकटक. पाठीमागच्या झाकणावर एक उसळलेली लाट कोरलेली. चंदीगड शहरात भरतीची लाट ही एकच, आणि ती माझ्या कातडीला लागून असल्याने कुणाला दिसत नाही. वार इंग्रजीत आणि अरबीत. मध्यरात्रीनंतर वार बदलायला लागला की वाटेत थोडा वेळ अरबी लागतो, त्यामुळे रात्री उठल्यावर मला बऱ्याचदा वार कळत नाही. या वयात ती सोय म्हणावी लागेल.

आता त्याचे दोष. हिशेबनीस आहे, दोन्ही रकाने भरणार. आतलं ७एस२६ हे यंत्र किल्लीने भरता येत नाही. मनगट हललं तरच चालतं. सेकंदकाटा थांबवून वेळ लावता येत नाही. दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे हे तुमच्याच कागदावर छापलेलं, म्हणजे चुकण्याची परवानगी घेऊनच ते जन्माला आलंय. दोन दिवस कपाटात ठेवलं तर ते मरतं. मग उचलून हलवावं लागतं, जुना चेतक स्कूटर सुरू करायला एका बाजूला कलता करायचो तसं.

चेतकचं नाव निघालंच आहे तर सांगतो. त्या स्कूटरसाठी एकेकाळी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. पुढे तो बंद झाला, आणि २०२० साली विजेवर चालणारा होऊन परत आला. देखणा आहे, आवाज करत नाही, किंमत सुरू झाली लाखाच्या घरात. गाडी वाईट नाही. पण तिला कलती करून काही होत नाही, आणि ज्याने कधीतरी भर पावसात ती कलती केली त्याला ती आपली वाटत नाही. हे नाव परत आलंय की माणूस, असा प्रश्न पडतो. तुमच्या बाबतीतही तोच पडलाय.

तुम्ही १९९६ साली आणलेलं हे घड्याळ २०१९ साली बंद केलंत. त्याच वर्षी तोच चेहरा ‘सिको ५ स्पोर्ट्स’च्या नावाने परत आणलात. यंत्र सुधारलंत, किल्लीने भरता येतं, सेकंदकाटा थांबतो. मान्य, दोन्ही सुधारणा मी जमेच्या बाजूला लिहिल्या. मग खर्चाच्या बाजूला पाहिलं. २०० मीटरचे १०० झाले. आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची किल्ली जाऊन नुसती ओढायची-ढकलायची आली. आणि आता त्या माळेतल्या घड्याळांना तुम्ही म्हणता ‘एसकेएक्स स्पोर्ट्स स्टाइल’.

स्टाइल! महोदय, मी सिंधुदुर्गातला. इथल्या २६ सेक्टरच्या मंडईत मे महिन्यात ‘हापूस’ म्हणून जो आंबा मिळतो, तो रंगाला हापूस असतो, पेटीला हापूस असतो, भावाला तर हापूसहून हापूस असतो. सुरी लावली की कळतं. त्याला कुणी प्रामाणिकपणे ‘हापूस स्टाइल’ म्हटलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. त्या अर्थी तुम्ही निदान पेटीवर खरं लिहिलंत, एवढं श्रेय देतो.

आमच्या चंदीगडात घड्याळवेड्यांची एक टोळी आहे. रविवारी सकाळी सुखनाच्या पायऱ्यांशी जमते. एक निवृत्त कर्नल, मोहालीचा एक दातांचा डॉक्टर, विद्यापीठातली दोन पोरं आणि मी. पोहता येणारा त्यांत बहुधा मीच. सगळ्यांना ००७ परत हवं आहे. मी कागद काढून मागण्या टिपून घेतल्या, तर निघालं असं : काच नीलमणीची हवी, कडी सिरॅमिकची हवी, यंत्र नवं हवं, आकार थोडा लहान हवा, पट्टा भरीव हवा, आणि किंमत मात्र तीच, दोनशे डॉलरच्या आसपासची. म्हणजे आजोबांचा वाडा हवा, पण लिफ्टसकट, आणि घरपट्टी आजोबांच्या काळची! हे घड्याळ परत आणणं नव्हे, हे हुंड्याची यादी करणं. या टोळीचं ऐकू नका. ऐकलंत तर जे घडेल त्याला तुम्ही ‘आदरांजली’ असं नाव द्याल आणि किंमत तिप्पट लावाल. २०१७ साली तुम्ही आपल्या १९६५ च्या पहिल्या पाणबुडी घड्याळाला असंच परत आणलं होतं. फक्त २००० नग आणि किंमत हजारो डॉलरांत. सुंदर होतं म्हणतात. मी फोटो पाहिला. माझ्या पेन्शनीत फोटोच बसतो.

पण तुम्हाला नीट परत आणता येत नाही असंही नाही. १९७६ चं ते जाडजूड, कासवाच्या पाठीचं घड्याळ तुम्ही २०१६ साली परत आणलंत, तेव्हा २०० मीटर दिलेत, आट्याची किल्ली ठेवलीत, यंत्र मात्र सुधारलंत. कासवाला जे मिळालं ते ००७ ला का नाही, हा माझा आक्षेप क्रमांक एक. क्रमांक दोन नाही.

बंद पडलेली वस्तू लोकांना कधी आठवते, हे शिकायला मला तोकियोपर्यंत यायची गरज नाही. चंदीगडहून कालक्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर पिंजोर आहे. तिथे एचएमटीचा कारखाना होता. घड्याळांचा नव्हे, आधी यंत्रांचा आणि पुढे ट्रॅक्टरांचा. पण फाटकावर तीच तीन अक्षरं होती जी माझ्या वडिलांच्या ‘जनता’च्या तबकडीवर होती. ती घड्याळं बंगळुरात व्हायची, तुमच्याच गावच्या सिटिझनच्या मदतीने. घड्याळांचा व्यवसाय बंद करायला २०१६ च्या जानेवारीत मंजुरी मिळाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात पिंजोरच्या ट्रॅक्टरांनाही. पण बंद होणार ही बातमी २०१४ मध्येच फुटली होती, आणि तेव्हा गर्दी उसळली. वीस वर्षं जे घड्याळ कुणी लग्नातसुद्धा घेत नव्हतं, त्यासाठी लोक दुप्पट पैसे मोजायला लागले. मला वाटतं, माणसं वस्तूवर नाही, तिच्या तेराव्यावर प्रेम करतात. पिंजोरच्या त्या जमिनीच्या एका तुकड्यावर आता सफरचंदांची मंडी आहे. तिथून मी दर वर्षी पेटी आणतो. सफरचंद चांगली असतात, तक्रार नाही.

तेव्हा २०० मीटर कशाला हवेत, ते सांगतो. दोन पुरावे जोडतो.

पुरावा एक : ९ जुलै २०२३, रविवार. त्या दिवसांत चंदीगडला चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, सुखनाचे दरवाजे उघडावे लागले, आणि आमच्या गल्लीत गुडघ्याखाली पाणी आलं. स्कूटर बाहेर काढायला मी उतरलो. हात पाण्याखाली, खोली दीड फूट. घड्याळाच्या क्षमतेचा वापर पाव टक्क्याहून कमी. शेजाऱ्याचं महागडं, फोनला जोडलेलं घड्याळ त्या संध्याकाळी तांदळाच्या डब्यात झोपलं होतं. माझं मनगटावर चालत होतं. दोनच महिन्यांपूर्वी मी किल्लीचे आटे पक्के फिरवले आहेत की नाही हे पाहिलं होतं, बस्स.

पुरावा दोन : गणपती. बहीण कुरियरने तांदळाची पिठी पाठवते, आणि इथे माझ्या स्वयंपाकघरात उकडीचे मोदक होतात. मोदकपात्राचं झाकण पडलं की मी तुपाच्या बोटांनी कडी फिरवतो, त्रिकोण मिनिटकाट्यावर आणतो, टक-टक-टक. तूप त्या दातांत अडकतं आणि पितृपक्षापर्यंत निघत नाही. बारा मिनिटं.

“अहो, ते पुढे पळतं ना? मग तेरा धरा,” बायको म्हणाली.

मी हिशेब करून सांगितलं, की दिवसाला ४० सेकंद धरले तरी बारा मिनिटांत फरक पडतो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. तिने झाकण उचललं, एक मोदक बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाली, “झाले.” घड्याळात अजून दोन मिनिटं होती. मोदक झाले होते.

हे दोन पुरावे जोडून मला म्हणायचंय एवढंच : स्वस्त वस्तूत गरजेपेक्षा जास्त मजबुती असणं ही चैन गरिबाला मिळत नाही. श्रीमंताला ती किमतीत धरून मिळते. तुमच्या त्या घड्याळाने ती मध्यमवर्गाला तेवीस वर्षं दिली. मी बुडी मारणार नव्हतो हे तुम्हालाही माहीत होतं. तरी किल्लीला आटे पाडलेत. आता तुम्ही हिशेब केलात, की हा माणूस काही १०० मीटरच्या खाली जाणार नाही. हिशेब बरोबर आहे. हिशेब खात्यात जन्म काढलेला माणूस सांगतोय, बरोबर हिशेबाने पुष्कळ चांगल्या गोष्टी बंद पडतात.

मागणी पुढीलप्रमाणे. ००७ आणायचं असेल तर २०० मीटर आणि आट्याची किल्ली यांसह आणा, काच तीच राहू द्या, आणि किंमत मोहालीच्या डॉक्टरकडे बघून नव्हे, विद्यापीठातल्या त्या दोन पोरांकडे बघून ठरवा. हे जमणार नसेल तर नावाला हात लावू नका. कपाटात आहेत त्यांना चालू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मालवणी, मुक्काम चंदीगड

प्रत माहितीसाठी : पिंजोरचं फाटक.

ता. क. : आज सकाळी सातच्या बातम्यांना ताडून पाहिलं, घड्याळ एक मिनिट दहा सेकंद पुढे होतं. शेवटचं लावलं होतं परवा सकाळी सातला. म्हणजे दिवसाला ३५ सेकंद. तुमच्या छापील मर्यादेत आहे. आक्षेप नाही.