आठवा गडी

भांडवलदार नेमका कितव्या नोकरापासून सुरू होतो? प्रश्न चेष्टेचा वाटेल, पण चीनमधल्या भल्याभल्या अर्थपंडितांनी १९८०च्या सुमारास त्यावर डोकेफोड केली आणि उत्तर काढलं: आठव्या. सात गडी ठेवणारा तो कष्टकरी, आठवा आला की शोषक. देवकीच्या आठव्याची कंसाने घेतली नसेल एवढी धास्ती कम्युनिस्ट पक्षातल्या जुन्या मंडळींनी या आठव्याची घेतली होती.

आकडा आला थेट ‘भांडवल’च्या पहिल्या खंडातून. मार्क्सने तिथे एक उदाहरण सोडवलंय. मजूर दिवसाला १२ तास राबतो; त्यातले ८ तास स्वतःच्या पोटासाठी, उरलेले ४ मालकासाठी. म्हणजे मालकाला बसून नुसतं मजुराइतपत जगायचं तरी दोन माणसं हवीत. त्याच्या दुप्पट ऐटीत राहायचं आणि तेवढंच पुन्हा धंद्यात घालायचं, तर ३२ तास हवेत. भागिले ४, उत्तर ८. गणित समजावण्यापुरतं होतं. तास बदलले की उत्तर बदलणार. पण पोथीत आकडा सापडला की त्याचा नियम व्हायला कितीसा वेळ लागतो!

अशा नियमाची नड होतीच. सांस्कृतिक क्रांतीत खेड्यांत धाडलेली लाखो पोरं शहरांत परतत होती आणि सरकारी कारखान्यांत तेवढ्या जागा नव्हत्या. त्यांना खाणावळी, शिवणकाम, सायकलदुरुस्ती करू द्यावी, तर भांडवलशाही मागच्या दाराने घरात. १९८१च्या नियमांनी तोड काढली: दोन मदतनीस आणि फार तर पाच शिकाऊ. बेरीज सात. (शिकाऊ म्हटलं की राबवून घेण्याला विद्यादानाचा वास येतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात कळेल.)

आनह्वी प्रांतातल्या वूहू शहरात न्येन ग्वांगज्यू नावाचा एक निरक्षर गृहस्थ कलिंगडाच्या भाजलेल्या बिया विकायचा. गिऱ्हाइकाला वर मूठभर जास्तच घालायचा म्हणून लोक त्याला वेडा म्हणत, असं सांगतात. त्याने मालाला तेच नाव दिलं: ‘वेड्याच्या बिया’. बघता बघता त्याच्याकडे शंभरावर माणसं कामाला लागली. मार्क्स न वाचल्याचा हा फायदा. वाचलेल्यांची मात्र झोप उडाली. प्रकरण थेट देशाचे तेव्हाचे सर्वेसर्वा डंग श्यावफिंग यांच्यापर्यंत गेलं. ऑक्टोबर १९८४मध्ये डंग म्हणाले, दोनेक वर्षं राहू द्या तसंच. वेड्याने बिया विकल्या म्हणून समाजवादाचं काय बिघडणार? त्याला हात लावलात तर लोक म्हणतील, धोरण फिरलं.

मला हा निर्णय न घेण्याचा निर्णय फार आवडतो. ‘बघू दोन वर्षांनी’ हे आपल्या कचेऱ्यांतही रोज ऐकू येतं, फक्त तिथे दरम्यान काही उभं राहत नाही.

पुढे १९८८मध्ये खाजगी उद्योगांसाठी रीतसर नियम आले. त्यांत खाजगी उद्योगाची व्याख्या काय? आठ किंवा अधिक माणसं कामाला ठेवणारा. कालची लक्ष्मणरेषा आज उंबरठा झाली, आकडा तोच.

न्येन मात्र १९८९मध्ये गजाआड गेला. आधी अफरातफरीचा आरोप झाला, तो टिकला नाही. शेवटी गुंडगिरीच्या आरोपाखाली शिक्षा झाली. १९९२च्या दक्षिण चीनच्या दौऱ्यात डंगनी पुन्हा त्या बियांचा दाखला दिला आणि काही आठवड्यांतच तो सुटला. माणसं किती ठेवली होतीस, हे या खटल्यात त्याला कुणी विचारलं नव्हतं.