क्रियापदापर्यंत

मराठी ही गांजा ओढणाऱ्याच्या सोयीची भाषा नाही. तिच्यात क्रियापद अगदी शेवटी येतं. तिथपर्यंत कर्ता कोण होता, कर्म कोणतं होतं आणि मुळात विषय काय निघाला होता, हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं.

आमच्या एका मित्राला बरीच वर्षं ते जमत नव्हतं. “काल मी त्या प्लंबरला पैसे...” एवढं म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागायचा. दिले? मागितले? फेकून मारले? आम्ही ताटकळत बसायचो. मग तो आमच्याकडे वळून अत्यंत प्रेमाने विचारायचा, “काय म्हणत होतास तू?”

त्याला आम्ही महाराज म्हणायचो. कोथरूडात आईबरोबर राहणारा, घरी बसून जाहिरातींचा मजकूर लिहिणारा सज्जन माणूस. चिलीम, साफी असला साग्रसंगीत थाट त्याचा नव्हता. गच्चीवर जाऊन कागदात वळलेला एक जॉइंट, आधी संध्याकाळी, मग रात्रीही, आणि पुढेपुढे सकाळच्या चहाच्याही आधी. आईला वास यायचा. तो कसला तरी धूप आहे अशी तिची समजूत होती, किंवा तिने ती करून घेतली होती. मराठी आयांचं या बाबतीत काही सांगता येत नाही.

सोड म्हटलं की महाराज इतिहासात शिरायचे. इंग्रज सरकारने १८९३ साली गांजा-भांगेच्या चौकशीसाठी खास आयोग नेमला, देशभर फिरून अकराशेहून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या, अनेक खंडांचा अहवाल काढला, आणि त्यात लिहिलं की बेताने घेणाऱ्याचं म्हणण्यासारखं नुकसान होत नाही. हे खरंच आहे. पण अतिसेवन घातक, असंही त्याच अहवालात आहे, आणि महाराज तिथपर्यंत कधी पोचले नाहीत. कायद्याचंही तसंच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे गुन्ह्यात येतात, नुसती पानं येत नाहीत, हा त्यांचा आवडता मुद्दा. त्यावरून काय सिद्ध करायचं होतं, ते मात्र दर वेळी हवेत विरायचं. शिवाय ते स्वतः ओढायचे तो फुलोराच.

मग त्यांनी सोडलं. कारण ऐकून हसू येईल. भाची राहायला आली होती, वय वर्षं चार. तिला चिऊ-काऊची गोष्ट हवी होती. महाराजांनी झकास सुरुवात केली, धो धो पाऊस पाडला, आणि कावळ्याच्या शेणाच्या घराऐवजी चिमणीचं मेणाचं घर वाहून नेलं. पुढे कोण कोणाच्या दारात जाऊन उभं राहणार, हा पेच पडला. भाचीने थोडा वेळ थांबून मामाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “राहू दे मामा, मी सांगते.” महाराज त्या रात्री गच्चीवर गेले नाहीत. तत्त्वज्ञान, आरोग्य, कायदा यांपैकी कोणालाच जे जमलं नव्हतं, ते चार वर्षांच्या पोरीच्या दयाबुद्धीने केलं.

पहिला आठवडा वाईट गेला. गांजा सोडल्यावर काही होत नाही, असं गांजावाल्यांच्या गोटात ठामपणे सांगितलं जातं. होतं. चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते, रात्री घाम फुटतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी तर २०१३ च्या त्यांच्या निदानग्रंथात या त्रासाला रीतसर जागा दिली आहे. पहिल्या आठवड्यात त्याचा जोर असतो, मग उतरत जातो.

घरात मात्र उलटाच प्रकार झाला. इतकी वर्षं आईला आपला मुलगा संतवृत्तीचा वाटत होता. आमटी खारट झाली तरी हसायचा, दूध उतू गेलं तर बघत उभा राहायचा. तोच आता पंख्याच्या आवाजावर खेकसायला लागला. शेवटी ती काकुळतीने म्हणाली, “अरे, पूर्वी जे काय घेत होतास ना, ते परत सुरू कर बाबा.”

आणि स्वप्नं! झोपेतल्या स्वप्नांच्या टप्प्याला गांजा दाबून ठेवतो, आणि सोडल्यावर तो टप्पा मागची सगळी थकबाकी वसूल करतो. वर्षानुवर्षं महाराजांना एक स्वप्न पडलं नव्हतं. आता रोज रात्री दहावीचा भूमितीचा पेपर, त्याला पर्यवेक्षक म्हणून वारलेली आत्या, आणि आत्याच्या हातात उत्तरपत्रिकेऐवजी पुरणपोळी. सकाळी ते आम्हाला फोन करून सगळं तपशीलवार सांगायचे. दुसऱ्याचं स्वप्न ऐकण्याइतकं कंटाळवाणं जगात काही नसेल. पण आमच्या लक्षात एक गोष्ट आली. आत्या वर्गात आली, बसली, पोळी वाढली. क्रियापदं सापडत होती.

एकट्याने निभेल की नाही, याची मला तेव्हा धाकधूक होती. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगण १९८६ पासून आहे. लागलंच तर असावा म्हणून मी त्यांचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून आलो. आईने वाचला. “मुक्तांगण” हे मंगल कार्यालय आहे असं समजून ती दोन दिवस विलक्षण आनंदात होती.

डोकं इतकं सावकाश का निवळतं, यामागे रसायनशास्त्र आहे. गांज्यातलं नशेचं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये १९६४ साली ते शुद्ध रूपात वेगळं केलं. ते चरबीत विरघळतं. रोज ओढणाऱ्याच्या चरबीत ते साठत जातं आणि सोडल्यावरही कित्येक दिवस थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. आपल्याकडचे पाहुणे “निघतो आता” म्हणून उठतात आणि चपला घालून दारात आणखी तासभर बोलतात, तसं.

तिकडे मेंदूनेही आपली सोय लावून घेतलेली असते. त्याचं स्वतःचं घरगुती द्रव्य आहे, आनंदामाइड. मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत ते १९९२ साली सापडलं. ते ज्या रिसेप्टरांवर जाऊन बसतं, त्यांवरच टीएचसीही बसतं. बाहेरून रोज एवढा पुरवठा व्हायला लागला की मेंदू रिसेप्टरच कमी करून टाकतो. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूंची छायाचित्रं घेऊन केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे चार आठवडे थांबल्यावर मेंदूच्या बहुतेक भागांत हे रिसेप्टर पुन्हा वाढलेले दिसले. त्याआधी, २००१ मध्ये, हार्वर्डच्या हॅरिसन पोप यांनी जुन्या ओढणाऱ्यांना शब्दांच्या याद्या आठवायला लावल्या होत्या. सोडल्यानंतर सातव्या दिवशीही ते मागे होते, अठ्ठाविसाव्या दिवशी फरक जवळजवळ उरला नव्हता. शाळा-कॉलेजच्या वयात सुरुवात केलेल्यांचं गणित इतकं सरळ नाही, हेही सांगायला हवं. महाराजांनी सुरुवातच मुळी तिशीत केली होती. आळसाचा असाही फायदा होतो.

हे सगळं वाचून महाराजांनी कॅलेंडरवर आपला अठ्ठाविसावा दिवस लाल पेनाने गोल केला. त्या दिवशी टाळूतून प्रकाशबिकाश पडेल अशी त्यांची अपेक्षा असावी. पडलं काय, तर वीजबिलाची तारीख उलटून गेल्याचं त्यांच्या आपोआप लक्षात आलं.

स्वच्छ डोक्याबद्दल आपल्या कल्पना फार उदात्त असतात. आपल्याला वाटतं, धुकं हटलं की समोर हिमालय दिसेल. दिसतो सिंकमधला भांड्यांचा ढीग. महाराजांना एकेक करून आठवायला लागलं ते असलंच: कोणाला उलटा फोन करायचा राहिला होता, कोणत्या लग्नाला जायचं राहिलं होतं, दाढ कधीपासून दुखत होती. मग त्यांनी फोनमधल्या जुन्या नोंदी काढल्या. गच्चीवर सुचलेल्या जगावेगळ्या कल्पना ते तिथे टिपून ठेवायचे. पुढेमागे त्यांची कादंबरी होणार होती. एक नोंद होती, “जिना. जिन्याचं महत्त्व.” दुसरी, “पाणी ओलं नसतं, आपण असतो.” तिसऱ्या नोंदीत नुसतंच “विसरू नकोस” असं होतं. त्यांनी त्या मला वाचून दाखवल्या आणि आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. त्या हसण्याला नशेची मदत नव्हती, हे मला नंतर जाणवलं.

काही गमावलं का, असं मी त्यांना एकदा विचारलं. विचारायला हवंच होतं, कारण धुरामागचा माणूस फार गोड होता आणि आम्हाला त्याची सवय होती. ते म्हणाले, पहिले काही आठवडे गाणं अगदी सपाट लागलं. गांजात वेळ ताणला जातो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांत एक आख्खी दुपार मावते, सम म्हणजे अचानक अंगावर कोसळणारी गोष्ट असते. आता ती सम लांबून येताना दिसते. गवई कुठून वळणार, किती जागा उरली आहे, याचा अंदाज बांधता येतो, आणि तो चुकला की दाद अजून मोठ्याने जाते. हे एवढं लांबलचक उत्तर त्यांनी मध्ये कुठेही न अडखळता दिलं. मला त्याचंच इतकं अप्रूप वाटलं की संगीताबद्दल पुढे काय विचारायचं ते मीच विसरलो.

त्रास झाला तो आम्हा मित्रांना. ज्याला काही आठवत नाही असा मित्र असणं ही मोठी सोय असते. तोच विनोद त्याला पुन्हा सांगता येतो, उसने पैसे घेता येतात, दिलेला शब्द फिरवता येतो. मुळशीच्या सहलीचं पेट्रोल कोणी भरलं होतं, ते महाराजांना आता आठवतं. माझ्याकडे त्यांची किती पुस्तकं आहेत, तेही.

गेल्या वर्षी सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं. गरीब माणूस आहे, कटकट करणार नाही, असा जुना हिशेब होता. त्यांनी कपाटातली सगळी इतिवृत्तं काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली. पुढच्या सभेत पार्किंगचा वाद निघाला, तेव्हा एका जुन्या ठरावातल्या अटी त्यांनी सूचक-अनुमोदकांच्या नावांसकट ओळीने म्हणून दाखवल्या. सभा संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्याशी गाठलं. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, “तुमच्या मित्राला काहीतरी नाद लावा हो.”