पिवळी मारबत पिवळीच दिसावी: नवशिक्या एडिटरसाठी मार्गदर्शिका

साहित्य: एक लॅपटॉप, मंडळाच्या अकरा पोरांनी अकरा फोनवर काढलेलं शूटिंग, दोन हार्डडिस्क (एक भरलेली, दुसरी मागून आणलेली) आणि प्लेटभर तर्री-पोहे. तर्री कीबोर्डपासून हातभर लांब ठेवावी. हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत खात्रीचा सल्ला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपूरच्या इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडग्यांचे पुतळे. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बाहेरगावचे एडिटर रंग तपासायला चौकटीचौकटींचे महागडे पुठ्ठे विकत घेतात; नागपूरकराला दोन उंचच उंच पुतळे फुकटात मिळालेत. पिवळी पिवळी दिसली आणि काळी काळी, तर काम फत्ते. नाही दिसली तर घाबरा. ही पहिली पायरी, ती कोणीच गाळत नाही.

आता पिवळीकडे बघा. टाइमलाइनवर टाकताच तिचा चेहरा ट्यूबलाइटसारखा पांढराफटक पडला? नवशिका इथे ब्राइटनेस खाली ओढतो, मग इतवारीचं आभाळ राखाडी होतं आणि पोरं कावीळ झाल्यासारखी दिसतात. दोष पिवळीचा नाही. आयफोन १२ पासूनचे आयफोन एचडीआरमध्ये शूट करतात आणि तुमची टाइमलाइन बसली आहे साध्या रेक. ७०९ वर. जास्तीचा उजेड बिचारीच्या अंगावर मावत नाही. प्रीमिअरमध्ये सिक्वेन्स सेटिंगमधलं ऑटो टोन मॅप सुरू करा. पुढच्या वर्षी पोरांना आधीच एचडीआर बंद करायला सांगा. ती हो म्हणतील आणि करणार नाहीत.

काळी राखेसारखी झाली तर मामला वेगळा. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरायची जुनी रीत आहे. कॉम्प्युटर मात्र ० ते २५५ मोजतो. मधल्या एखाद्या सेटिंगने १६ चा अर्थ लावलाच नाही, की काळी धुरकट होते. उलटा घोळ झाला तर ती इतकी काळी होते की लुगड्याच्या चुण्याही दिसत नाहीत. रेंज फुल की लिमिटेड, हे क्लिपवर आणि एक्स्पोर्टमध्ये, दोन्हीकडे बघा.

मधूनच हिरव्या-गुलाबी पट्ट्या आल्या तर गुलाल समजू नका. हार्डवेअर डिकोडिंग बंद करा, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाका. ढोल आधी वाजतो आणि काठी नंतर पडते? फोन फ्रेम रेट कमीजास्त करत असतो. हँडब्रेकमधून तो स्थिर करून घ्या.

राहिलं एक्स्पोर्ट. ते ६३ टक्क्यांवर अडकलं की लोक लॅपटॉप बंद-चालू करतात, ते पुन्हा ६३ वर अडकतं. राजेहो, ते तिथेच अडकणार! टाइमलाइनचा अर्धा भाग काढून बघा, मग त्यातला अर्धा, मग त्यातलाही. शेवटी एक क्लिप हाती लागते. बहुधा अध्यक्षांच्या भाच्याने काढलेली. तिला बदललेलं चालतं. काढलेलं चालत नाही.

फाइल पेनड्राइव्हवर जात नाही, जागा तर ढीगभर आहे? पेनड्राइव्ह फॅट३२ आहे आणि त्यावर एक फाइल ४ जीबीपलीकडे मावत नाही. २० एमबीपीएसला हे अठ्ठावीस मिनिटांच्या आसपास भरतं, म्हणजे दोन्ही मारबती नेहरू पुतळ्यापाशी भेटायच्या आत. आतला माल काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आधी माल काढा, मग फॉरमॅट. हा क्रम मी एकदाच चुकलो.

सगळं जमलं की फाइल अध्यक्षांना द्या. ते ती व्हॉट्सअ‍ॅपवर मागतील, आणि तिथे पिवळी, काळी, गुलाल सगळं पिळून एकाच वाटीत येतं. दहा मिनिटांनी फोन येईल. काळजाचे ठोके मोजत उचला.

"भाऊ, व्हिडिओ मस्त झाला. पण आपला बडग्या दोनच सेकंद काऊन दिसून रायला?"