ओळख पटवून न्यावे

माझ्या हातून आजवर एकही पुस्तक बिनखुणेचं सुटलेलं नाही. एसटीचं तिकीट, वीजबिल, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, शेंगदाण्यांच्या पुडीचा कागद आणि एकदा निकड आली तेव्हा पोह्याचा पापड (कच्चा, भाजलेला ठेवायला मी वेडा नाही). तेही नसलं की सरळ पानाचा कान दुमडायचा. लहानपणी बरं होतं. पुस्तकात मोरपीस असायचं, पिंपळाचं जाळीदार पान असायचं आणि विद्येची डहाळी तर हमखास. मोरपिसाला पेन्सिलीचा भुगा खाऊ घातला की त्याला पिल्लं होतात, यावर आमच्या अख्ख्या वर्गाचं एकमत होतं. पिल्लं झाली नाहीत आणि विद्येच्या डहाळीचा माझ्या दहावीच्या निकालावर काही परिणाम दिसला नाही, पण पानांचे कान तरी शाबूत राहिले.

पापडाचं प्रकरण वाचनालयातल्या बाईंना समजलं ते मुंग्यांकडून. "काका, तुम्ही बँकेत होता ना?" एवढंच त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही साहेबाने मला इतक्या कमी शब्दांत झापलं नव्हतं.

त्याच सुमारास आत्या चातुर्मासाला आमच्याकडे राहायला आली. आत्या म्हणजे क्रोशा. तिच्या घरी रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, दाराला तोरण, सणाला ताटाभोवती महिरप. मिक्सरलाही झालरीचा झगा. आतोबा एका जागी फार वेळ बसत नसत, आणि त्याचं कारण मला आता कळतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती मालिका बघत, सुईकडे न बघता विणते. खलनायिका आली की टाके घट्ट पडतात, एवढाच फरक.

मी म्हटलं, "आत्या, मला पुस्तकात ठेवायची एक खूण विणायचीय. प्राण्याची."

"कुठला प्राणी?"

"शेकरू."

ही निवड विचारपूर्वक होती. शेकरू आपला राज्यप्राणी. भीमाशंकरच्या जंगलात आम्ही एकदा पाहिलंही होतं, म्हणजे त्याचं शेपूट पाहिलं होतं. अंगाहून लांब शेपूट, टोकाला फिकट. डोकं पुस्तकाच्या वर, चपटं अंग पानांच्या मध्ये आणि शेपूट खाली लोंबतंय. निसर्गाने हा प्राणी पुस्तकखुणेसाठीच घडवलाय, याविषयी मला शंका उरली नव्हती.

"त्यापेक्षा सरळ पट्टी वीण," आत्या म्हणाली. तिथेच ऐकायला हवं होतं.

बायकोने मला हातात सुई आणि लोकर घेऊन बसलेलं पाहिलं तेव्हा मी तिला, ती काही विचारायच्या आतच, सांगितलं की राणी व्हिक्टोरियाने बोअर युद्धाच्या वेळी, ऐंशीच्या घरात असताना, सैनिकांसाठी क्रोशाचे गळपट्टे विणले होते. "विणले असतील," ती म्हणाली, "तिच्याकडे गॅसचा नंबर लावायला माणसं होती."

सुरुवात डोक्यापासून. आधी सपाट चकती करायची. जपानी लोक असे विणलेले प्राणी करतात, त्यांना अमिगुरुमी म्हणतात, आणि त्यांचंही सारं या गोल फेऱ्यांवरच उभं असतं. हिशेब सोपा आहे : पहिल्या फेरीत सहा टाके, मग बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. आत्याने हे सांगितलं तेव्हा माझं लक्ष "सहा, बारा" एवढ्यावरच होतं. पुढचं मी बँकेच्या सवयीने केलं : चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव. सरळव्याजाच्या जागी चक्रवाढ लागलं. शेकरूच्या डोक्याच्या जागी कोबीचा गड्डा फुलला.

मी खट्टू झालो, पण वाचलेलं कुठे तरी उपयोगी पडतंच. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी असेच टाके ठरावीक पटीत वाढवत नेऊन क्रोशाने हायपरबोलिक प्रतल विणलं होतं. त्या भूमितीत रेषेबाहेरच्या एकाच बिंदूतून तिला हव्या तितक्या समांतर रेषा जातात. कागदावर जे धड मावत नव्हतं, ते विद्यार्थ्यांना हातात धरून, दुमडून बघता येऊ लागलं. हे सगळं मी आत्याला गड्डा हातात धरून सविस्तर समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्यात त्याला टाके जास्त झाले म्हणतात," ती म्हणाली. "उसव."

अंगाच्या वेळी आत्या चार दिवस चुलतबहिणीकडे गेली होती आणि मी स्वतंत्र झालो होतो. टाके शिकलो अमेरिकन व्हिडिओ बघून आणि नमुना घेतला एका जुन्या विलायती पुस्तकातून. आता गंमत अशी, की ब्रिटिश ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच अमेरिकन सिंगल म्हणतात. आणि अमेरिकन ज्याला डबल म्हणतात, ते ब्रिटिशांचं ट्रेबल. दोघांची भाषा एक, टाके तेच, बारसं मात्र वेगवेगळं. आपल्याकडे हा घोळच नाही. एक मुका खांब, दुसरा नुसता खांब. मुका बुटका, साखळीच्या एका टाक्याएवढा; खांब त्याच्या तिप्पट उंच. पुस्तकाला हवा होता मुका खांब. मी चौदाच्या चौदा ओळी खांबाच्या घातल्या. बोटभर व्हायचं ते अंग वीतभर झालं.

आत्या परत आली. तिने ते उचललं, उलटसुलट केलं, माझ्याकडे पाहिलं.

"मुंगूस छान झालंय रे."

उसवायची हिंमत आता नव्हती. शेपूट लावलं, टोकाला फिकट लोकर जोडली, डोक्यात कापूस जरा सढळ हाताने भरला. पुण्याहून मुलाने फोटो पाहून विचारलं, "बाबा, कुत्रा घेतला?" नातीने पाल म्हटलं आणि ती तिच्या मतावर ठाम आहे. बायको म्हणाली, "तुमच्यासारखं दिसतंय." यात तिला नेमकं काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही.

या सगळ्यात मी वाचनालयातून आणलेली साडेसहाशे पानांची कादंबरी तीन आठवडे पान ११२ वर थांबून होती. शेकरू आत ठेवलं तर डोक्यातल्या कापसामुळे पुस्तक मिटेना. वरून पाटा ठेवला. पाट्याखालून लोंबणारं शेपूट बघून कामाला येणाऱ्या बाईंनी केरसुणी उगारली.

मग एके दिवशी पाट्याखालची कादंबरी दिसेना. मुदत संपली म्हणून बायको ती परस्पर परत करून आली होती. जशीच्या तशी.

परवा संध्याकाळी वाचनालयात गेलो. वर्तमानपत्रांच्या टेबलामागे फलक आहे, त्यावर हरवलेल्या छत्र्या, चष्मे वगैरेंची नोंद असते. त्याखाली बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'पुस्तकात विणलेले मुंगूस सापडले आहे. ज्यांचे असेल त्यांनी ओळख पटवून न्यावे.'

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दोन वर्तमानपत्रं शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि घरी आलो. ते त्यांच्या टेबलावर, पेनांच्या डब्याला टेकून बसलेलं मला दिसलं होतं. पण माझं मुंगूस हरवलेलं नाही. माझं शेकरू हरवलंय.